सकाळच्या विमानातली जागा

१४ जानेवारी, मंगळवार. अल बर्शा, दुबई

या वेळी मी मुंबईत असायला हवं होतं. त्याऐवजी माझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, पायांत अजून प्रवासाचे बूट, आणि राग असा की चहा गोड झालाय की फिका तेसुद्धा कळत नाही.

अडीचचं विमान होतं, शारजाहून. बोर्डावर आधी साडेचार झाले, मग सहा, मग आमच्या विमानाची ओळच नाहीशी झाली. कंपनीचा एक माणूस दिसेल तर शपथ. पाण्याची बाटली नाही, बिस्किटाचा पुडा नाही. लहान मुलं जमिनीवर लोळत होती. बाकीच्या कंपन्यांची विमानं डोळ्यांदेखत उडत होती, आणि आमचं का नाही हे सांगायला कुणी नाही. आपण माणसं आहोत की पार्सलं? पार्सलाचा निदान पत्ता तरी लागतो.

संक्रांत म्हणून, पुण्याला शाळेच्या मेळाव्यात भेटणाऱ्या वर्गमैत्रिणींसाठी केलेल्या तिळाच्या लाडवांचा डबा शेवटी मी उघडला आणि पोरांना वाटून टाकला.

शेजारी हव्वाबी म्हणून एक बाई बसल्या होत्या, रत्नागिरीकडच्या. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. मुलगा ओवेस खोर फक्कानला बंदरात नोकरीला, त्याच्याकडे तीन महिने राहून परत निघाल्या होत्या. शुक्रवारी नातीचं, लायबाचं, लग्न. लायबाची आई, म्हणजे यांची मुलगी सुमैय्या, पोर दोन वर्षांची असताना गेली, तेव्हापासून यांनीच वाढवलं. नवरामुलगा जहाजावर आहे, रविवारी त्याला बोटीवर हजर व्हायचंय, म्हणून तारीख पुढे सरकत नाही. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच लाडवाबरोबर सांगितलं. कोकणातली माणसं! मला एकदम मालवणची माझी मावशी आठवली.

सात वाजता कंपनीचा एक मुलगा आला. गळ्यातल्या पट्टीवर नाव वासुदेव. लोकांनी त्याला असा घेरला की मला भीती वाटली. मी पुढे झाले आणि इंग्रजीत नीट विचारलं, की हे काय चाललंय, आम्हाला कारण कळायला हवं. त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "थँक गॉड, मॅम. समबडी हू स्पीक्स प्रॉपर इंग्लिश. प्लीज, तुम्हीच यांना समजावता का? माझं कुणी ऐकत नाही."

विमान रद्द होतं. कारण काय तर 'ऑपरेशनल'.

मी बाकावर चढले. साडीत नव्हते म्हणून बरं. सिस्टर फिलोमिना आम्हाला शाळेत पाठांतराच्या तासाला सांगायच्या, शेवटच्या बाकावरच्या मुलीला ऐकू गेलं नाही तर तू बोललीच नाहीस. मी आधी हिंदीत आणि मग मराठीत सांगितलं: पुढचं विमान शनिवारच्या आधी नाही, हॉटेल मिळणार नाही, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी इथे सही करायची, पूर्ण पैसे मिळतील. उगाच आरडाओरडा करून काही होणार नाही. पैसे घ्या आणि घरी जा, शहाणपणा त्यातच आहे.

आणि खरंच सगळे शांत झाले. रांग लागली. हव्वाबींनी माझा हात धरला. "बाय, शुक्रवारच्या आत नायच काय?" मी वासुदेवकडे बघितलं, तो म्हणाला, "सॅटरडे, मॅम, अर्लिएस्ट." मी त्यांना शनिवार म्हणून सांगितलं. त्यांनी ओढणी डोक्यावर सारखी केली. मग म्हणाल्या, "मंग तू सांगशील तसा." सही कुठे करायची ते मीच दाखवलं, पेनही माझंच.

गर्दी पांगल्यावर वासुदेव माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "मॅम, यू वेअर सो हेल्पफुल. उद्या सकाळच्या फ्लाइटवर तुम्हाला ॲडजस्ट करतो." एवढ्या सगळ्या बेपर्वाईत एक माणुसकीचा शब्द. मी पटकन हो म्हटलं.

हव्वाबींना सांगितलं तर त्यांनी चेहऱ्यावर काही न दाखवता एक पिशवी माझ्याकडे दिली. लायबाचा शादीचा जोडा, म्हणजे लग्नात घालायचे कपडे, शारजातून घेतलेले. "मंग हे तरी ने. मुंबैला अजीज येईल, माज्या भावाचा पोरगा." इथे सगळेच एकमेकांचं सामान नेतात, पण एवढ्या भेटीत इतका विश्वास! नेईन म्हटलं, माझा नंबरही लिहून दिला. दिवसभरात तेवढंच मनाला बरं वाटलं.

नवरा, शैलेंद्र, हमरियाच्या ऑफिसातून परस्पर मला घ्यायला आला. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे तू लीडर झालीस. कुणाची, ते कळलं नाही."

त्याला काय कळणार. मी थकले आहे. पहाटे परत निघायचंय.

१६ जानेवारी, गुरुवार. पुणे

शाळेच्या सभागृहात काल सकाळी प्रार्थना झाली. माझ्याशिवाय.

सिस्टर फिलोमिना नव्वदीच्या पुढे आहेत. गोव्याहून फक्त त्या एका तासासाठी त्यांना आणलं होतं आणि लगेच परत नेलं, प्रकृती झेपत नाही म्हणून. मैत्रिणी सांगत होत्या, त्यांनी नाव घेऊन विचारलं, ती मोठ्या आवाजाची सुचित्रा कुठे आहे? कुणीतरी सांगितलं, तिचं विमान रद्द झालं. सिस्टर म्हणाल्या, "पुअर चाइल्ड."

बासष्ट वर्षांची 'चाइल्ड' काल त्या वेळी विमानात होती. आज आम्ही जेवलो, फोटो काढले, जुन्या बेकरीतले पफ कुणीतरी आठवणीने आणले होते.  त्या सभागृहात लाकडी व्यासपीठ आहे, त्याच्या तिसऱ्या फळीवर पाय पडला की ती कुरकुरते. तिथे उभं राहून मी पहिलं बक्षीस घेतलं होतं. सिस्टर आता मला भेटणार नाहीत, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असेल. यासाठी मी त्या कंपनीला सोडणार नाही.

पिशवी पोचवली. अजीज विमानतळाबाहेर उभा होता, चांगला मुलगा. माझ्या मागे बघत राहिला. "फुफी कुठं?" मी म्हटलं, "त्यांनी तिकिटाचे पैसे परत घेतले. शनिवारपर्यंत विमान नव्हतं ना." तो म्हणाला, "मग तुम्ही कशा आलात?" "मला एक जागा मिळाली," मी म्हटलं. पुण्याची गाडी थांबली होती, जास्त बोलायला वेळ नव्हता.

२४ जानेवारी, शुक्रवार. अल बर्शा

परत आले. आठवडाभर नियम वाचते आहे. मुलगा निनाद म्हणतो, मॉम, लेट इट गो. नात सान्वी म्हणते, "आजी, जस्ट गिव्ह देम वन स्टार." एक तारा! मी त्यांना आकाश दाखवणार आहे.

भारतीय कंपनी आहे, म्हणून भारतातले नियम. ते इतके स्वच्छ लिहिलेत की वाचताना रक्त उसळतं. विमान रद्द झालं तर प्रवाशाला दुसऱ्या विमानात जागा द्यायची, नाहीतर पैसे परत द्यायचे, आणि दोहोंतलं काय हवं ते प्रवाशानं ठरवायचं. कंपनीनं नाही. ताटकळत ठेवलं तर खाणंपिणं द्यायचं, गरज पडली तर मुक्कामाची सोय. आयत्या वेळी रद्द केलं तर वर नुकसानभरपाई. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तरच त्यातून सुटका.

आणि पैसे एकदा परत घेतले की कंपनीची जबाबदारी तिथेच संपली. दुसरं विमान नाही, मुक्काम नाही, काही नाही.

म्हणजे हे सगळं आम्हाला सांगायला हवं होतं. त्या बोर्डावर लिहायला हवं होतं. कुणी सांगितलं आम्हाला? कुणीच नाही. आम्हा गरिबांना असंच फसवतात. (शैलेंद्रने हे वाक्य खांद्यावरून वाचलं. "आम्हा गरिबांना?" म्हणाला. त्याला हाकललं.)

कंपनीला पत्र पाठवलं. इंग्रजी माझं अजून गंजलेलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

उत्तर आलं. कारण म्हणे धुकं. धुकं! अडीच वाजता इतकं ऊन होतं की काचेजवळची माणसं उठून दुसरीकडे बसली. त्या दिवशी तोंडाने 'ऑपरेशनल' म्हणाले, आता कागदावर धुकं, कारण धुक्यासाठी भरपाई द्यावी लागत नाही.

पुढे लिहितात, आपण दुसऱ्याच दिवशी आमच्या विमानाने प्रवास केलात, त्यामुळे आपली गैरसोय मर्यादित होती. सदिच्छा म्हणून दोनशे दिरहमचं व्हाउचर.

"दोनशे म्हणजे सत्तेचाळीसशे रुपये," शैलेंद्र म्हणाला. पंचवीस वर्षं खरेदी खात्यात घालवलेला माणूस, त्याच्या तोंडून आधी रुपये निघतात, मग शब्द. "घे आणि मोकळी हो."

"प्रश्न पैशांचा नाही. त्यांनी आमची निवड हिरावून घेतली."

"तुझी नाही हिरावली. तुला सकाळची सीट दिली."

"ती त्या मुलानं माझ्यासाठी ॲडजस्ट केली."

"सुचित्रा, मी रोज सप्लायरशी बोलतो. माल नाही म्हणतात आणि ओळखीच्याला मागच्या दारानं देतात. माल असतो म्हणूनच देतात ना? तुला सीट होती म्हणजे सीट होत्या."

मी त्याला म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत लोखंडी पाइप दिसतात.  त्याला माहीत नाही, दिवसभर त्या गर्दीत बसून माझी काय अवस्था झाली होती. एक जागा शिल्लक असेल. रद्द झालेली असेल कुणाची.

व्हाउचर परत पाठवलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ओवेसचा फोन. हव्वाबींचा मुलगा. मी आनंदाने विचारलं, लग्न कसं झालं? तो म्हणाला, झालं, आंटी. अम्मी इथंच आहे. दुसऱ्या कंपनीच्या तिकिटाचे भाव तिप्पट होते, आणि याचे पैसे यायला दोन आठवडे लागले. कुठून काढणार होतो?

मग म्हणाला, मी पण कम्प्लेंट केली होती, त्यांचा रिप्लाय आला आहे, तुम्हाला वाचून दाखवू? त्याने वाचलं, सावकाश, इंग्रजी शब्द एकेक उचलून ठेवत. प्रवाशांना उपलब्ध पर्याय त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच एका सहप्रवासी महिलेने समजावून सांगितले. त्यानंतर त्यांनी स्वेच्छेने परताव्याचा पर्याय निवडला. सबब कंपनीवर कोणतीही जबाबदारी उरत नाही.

"आंटी, ती लेडी तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं.

"आणि तुम्ही सकाळच्या फ्लाइटनं गेलात ना?"

हो.

"ठीक आहे आंटी," तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी

माझा आवाज. माझा आवाज त्यांनी पुरावा म्हणून लावलाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात गेले. वासुदेव आता तिथे बसतो. बढती असावी. मला बघून उठून उभा राहिला, खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी म्हटलं, कॉफी नको, उत्तर दे. सकाळच्या विमानात किती जागा होत्या?

"मॅम, थोड्या होत्या."

"थोड्या? मग तू मला शनिवार का सांगितलंस?"

त्याने दार लावलं. "मॅम, एवढे लोक, सीट थोड्या. सगळ्यांना सांगितलं असतं तर मारामारी झाली असती. वरून ऑर्डर होती की शक्यतो रिफंड. आणि मॅम, सीट लिमिटेड आहेत, शनिवारी कन्फर्म मिळतील, एवढंच मी म्हणालो. आधी नाहीच असं मी नाही म्हणालो. ते तुम्ही म्हणालात. पैसे घ्या आणि घरी जा, हे पण तुम्ही म्हणालात. मी तर तुम्हाला थांबवलं नाही इतकंच."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात, परक्या माणसांसमोर, मराठीत. 'सॅटरडे, अर्लिएस्ट' हे तुझेच शब्द, असं सुनावलं, खोटारडा म्हटलं, निर्लज्ज म्हटलं, अजूनही काही म्हटलं जे या वहीत लिहिणार नाही. काचेपलीकडची माणसं माना वर करून बघत होती. तो शांत बसून राहिला. त्याची नोकरी अशीच आहे, माणसं रोज ओरडत असतील.

मी दमल्यावर तो म्हणाला, "मॅम, तुम्ही त्या म्हाताऱ्या आंटींसाठी विचारलं असतं तर मी दिली असती. खरंच. तुम्ही विचारलंच नाही."

हे खरं की खोटं, मला कधीच कळणार नाही. हाच तर त्याचा डाव आहे. की नाही?

घरी येऊन चौदा तारखेचं पान उघडलं. "पैसे घ्या आणि घरी जा, शहाणपणा त्यातच आहे." माझ्या अक्षरात, छान वळणदार. मी ते वाक्य वासुदेवकडून घेतलं नव्हतं. ते माझं होतं. बाकावरून खाली ती माणसं दिसत होती, आणि मला वाटलं, यांना कुणीतरी शहाणं सांगायला हवं.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस बसून तक्रार लिहिली, ग्राहक आयोगासाठी. सात पानं, इंग्रजीत. हव्वाबींच्या वतीने आणि माझ्या वतीने. धुक्याच्या खोटेपणाचा एकेक टाका उसवलाय. शेवटच्या परिच्छेदात वयोवृद्ध, निरक्षर कोकणी महिलेच्या असहायतेचा उल्लेख आहे. लिहिताना डोळे भरून आले.

उद्या खोर फक्कानला जाते. शैलेंद्र नेतोय, स्वतःहून.

९ फेब्रुवारी, रविवार

डोंगरातले बोगदे संपले आणि समुद्र दिसला तेव्हा शैलेंद्र म्हणाला, "एक सांगू? तिथे सरळ बोल. भाषण नको."

"मी कधी भाषण देते?"

त्याने इमारतीखाली गाडी लावली आणि म्हणाला, मी इथेच बसतो, तुझं झालं की फोन कर.

ओवेसने दार उघडलं. हव्वाबी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कोळंबी सोलत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "बस, बाय." त्या सुरात राग नव्हता, आनंदही नव्हता. पाहुण्याला बसवतात तसं बसवलं.

मी घाईने तक्रार बाहेर काढली. सगळं सांगायला लागले, आयोग, धुकं, स्वेच्छेने म्हणजे कायद्यात काय. ओवेस पानं चाळत होता. हव्वाबी म्हणाल्या, "ओवेस, माज्याबद्दल काय लिवलाय ते वाच."

तो अडखळला. मग त्याने शेवटचा परिच्छेद वाचून मराठीत सांगितला. असहाय. निरक्षर.

हव्वाबींनी एक कोळंबी सोलून वाडग्यात टाकली. "मना कुराण वाचता येता. उर्दू येते. मराठी चौथी पास हाय मी. इंग्लिश येत नाय म्हणून मी निरक्षर काय?"

"नाही, तसं नाही, कायद्याच्या भाषेत..."

"तू मना विचारलंस काय, हे लिवू काय म्हणून?"

नव्हतं विचारलं.

"त्या दिवशी पन नाय विचारलंस. मी बोलले, शुक्रवारच्या आत नायच काय. तू त्याच्याकडं बगलंस, माज्याकडं सांगितलंस. मंग तुजी सीट निगाली. मी समजले, तुजी तिकीट मोठी असल, म्हाग असल."

"सारखीच होती," मी म्हटलं.

ओवेस खिडकीकडे बघायला लागला.

"मला माफ करा," मी म्हटलं. "पण मी त्या कंपनीला सोडणार नाही, तुमची भरपाई..."

"भरपाई!" त्यांनी सुरी खाली ठेवली. पहिल्यांदा आवाज चढला. "काय भरून देनार ती कंपनी? लायबा माज्याशी बोलत नाय. कपडे पोचले, नानी नाय पोचली. तिच्या सासरची मानसं बोलली, विमान तर येत व्हता, कपडे आले ना त्यातना, म्हातारीला तिकिटाचे पैसे गोड लागले. पोरगी हिजाब लावून बसलेली, तिला हे ऐकवलानी. तीन हप्ते झाले, ओवेसचा फोन उचलते, माजा आवाज आला की ठेवते."

"पण त्यांना कुणी सांगितलं की तुम्ही पैसे घेतले?"

विचारतानाच मला कळलं. तरी ओवेसने सांगितलं, हळू. "अजीजभाईंना एअरपोर्टवर कुणीतरी बोललं, आंटी."

पुण्याची गाडी थांबली होती. जास्त बोलायला वेळ नव्हता.

"मी बोलले," मी म्हटलं. "ते मीच बोलले."

 खालून मुलांच्या फुटबॉलचा आवाज येत होता. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, वासुदेवचा, अजीजचा, त्या सासरच्या माणसांचा, शैलेंद्र खाली गाडीत आरामात बसलाय त्याचासुद्धा. तो राग कुठे ठेवावा ते मला सुचत नव्हतं. जिथे ठेवायला जावं तिथे मी आधीच बसलेली होते.

हव्वाबी म्हणाल्या, "कंपनीशी भांडायचा तर भांड. मी पन येते भांडायला, माजा मी सांगेन, तू लिवून घे. पन ते मागून. आदी लायबाला सांग. आता. माज्यासमोर."

माझ्या फोनवरून लावला, तो नंबर लायबाच्या ओळखीचा नव्हता. ओवेसने आकडे सांगितले. चार-पाच वेळा वाजला. मला वाटलं, उचलू नये तिने.

"हॅलो?"

किती लहान आवाज. मी नाव सांगितलं. म्हटलं, तुझा जोडा मी आणला होता. ती लगेच म्हणाली, "हो आंटी, अजीजमामू बोलला होता. शुक्रिया." चांगल्या घरातली मुलगी, रागातसुद्धा आभार मानते.

मी डोळे मिटले आणि सांगितलं. विमान रद्द झालं. कंपनीचा माणूस मला म्हणाला, लोकांना समजावून सांगा. मी सांगितलं की शनिवारच्या आधी विमान नाही. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण मी तपासूनही बघितलं नाही. तुझी नानी पैसे घ्यायला तयार नव्हती, तिने मला विचारलंही. मी तिला सही करायला लावली. पैसे गोड लागले वगैरे काही नाही. तिच्या डोक्यात फक्त शुक्रवार होता.



"आणि तुम्ही?" लायबा म्हणाली.

"मला सकाळच्या विमानात जागा दिली."

"म्हणजे जागा होती."

"होती."

"मग नानीला का नाही दिलीत?"

कितीतरी वाक्यं तयार होती. मी दमले होते, मला वाटलं एकच शिल्लक असेल, तो मुलगा म्हणाला होता, माझ्या सिस्टर आल्या होत्या. सगळी खरी होती. हव्वाबी माझ्याकडे बघत होत्या, ओल्या हातांवर ओढणी धरून.

"माझ्या मनातच आलं नाही, बाळा," मी म्हटलं.

ती रडायला लागली की तोंडावर हात धरला, ते कळेना. मग नाक ओढून म्हणाली, "नानी आहे तिथं?"

मी फोन पुढे केला. हव्वाबींनी हात ओढणीला पुसले, नीट, प्रत्येक बोट, आणि फोन घेतला. दुसऱ्या हाताने मला खूण केली, जा म्हणून. मी उठून बाहेर आले. माझ्या मागून ओवेसही आला आणि त्याने दार ओढून घेतलं.

आम्ही दोघं जिन्यापाशी उभे राहिलो. आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग आला. मोठा, चिडलेला, एका दमात. हव्वाबी नातीला झापत होत्या, फोन ठेवून देतेस काय, तुला हेच शिकवलं काय, कुणीपन काय बोलला ते खरा आणि नानी खोटी काय.

ओवेसने श्वास सोडला. "खलास, आंटी. मिटलं. बोलतायत."

तक्रारीची सात पानं आत राहिली होती, कोळंबीच्या सालींशेजारी. ती नव्याने लिहायची आहेत, आणि या वेळी पहिल्याच ओळीत लिहायचंय की सकाळी जागा होत्या आणि त्यांतल्या एका जागेवर मी बसले होते. कंपनीला ते वाक्य आवडेल की टोचेल, कुणास ठाऊक. बहुतेक दोन्ही.

माझा फोनही आतच होता. शैलेंद्र खाली वाट बघत असणार, त्याला कळवायला काही साधन नव्हतं. ओवेस म्हणाला, मी आणून देऊ का? मी त्याचा हात धरून थांबवलं. आत अजून भांडण चालू होतं.